अरफ्याची नानकटाई

नावाशिवाय ट्रे भट्टीत जाणार नाही, हा बाबालाल नदाफच्या बेकरीचा कायदा होता. कसबा बावड्यात कायदे पुष्कळ आणि ते मोडणारेही पुष्कळ, पण हा एक कुणी मोडत नसे. दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली की बायका घरचा मैदा, घरचं तूप, घरची पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत यायच्या. तिथंच बसून पीठ मळायच्या, नानकटाया वळायच्या आणि ट्रे भरून बाबालालच्या हवाली करायच्या. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर ट्रे चढवायच्या आधी तो विचारायचा, "कुणाच्या नावानं?" मग वहीच्या कागदाची चिठ्ठी, त्यावर शिसपेन्सिलीनं नाव, आणि ती चिठ्ठी कोपऱ्यातल्या नानकटाईखाली दाबलेली. भट्टीतून बाहेर येईतोवर कागद तांबूस व्हायचा, पण नाव वाचता यायचं.

हा कायदा झाला तो भांडणातून. एका दिवाळीत धोंडुबाईंचा साजूक तुपातला ट्रे बनाबाईंच्या घरी गेला आणि बनाबाईंचा डालड्यातला धोंडुबाईंच्या घरी आला. बनाबाईंनी तक्रार केली नाही, कशाला करतील! धोंडुबाईंनी मात्र भर रस्त्यात बाबालालच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवसापासून वही आणि पेन्सिल दोरीनं खिळ्याला टांगली गेली.

ती वही दोन हजार एक सालच्या दिवाळीतही तिथंच टांगलेली होती. बाबालाल नव्हता. फेब्रुवारीत एका पहाटे भट्टीपुढंच त्याच्या छातीत कळ आली, आणि रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याची बायको सलिमा चार महिने दहा दिवस इद्दतीला, म्हणजे नवऱ्याच्या सुतकाला, घरात बसली. पस्तीस वर्षांत कधी न विझलेली भट्टी त्या काळात थंडगार पडली. मुलगा शहजाद शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत लोखंड ओतायच्या कामावर होता. त्याचं म्हणणं, बेकरी बंद करू, मी कमावतोय की. सलिमानं त्याचं ऐकून घेतलं, इद्दत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पदर खोचला आणि भट्टीत लाकडं रचली.

लोक तिच्या धीराचं कौतुक करायचे. धीर कसला! सलिमाचं गुपित वेगळंच होतं. पीठ, पाव, खारी हे सगळं तिला येत होतं, पण भट्टीचा ताव तिला कधीच कळला नव्हता. तो बाबालालचा प्रांत. तो तोंडाशी नुसता हात धरायचा आणि सांगायचा, अजून एवढा वेळ. आता सलिमा भट्टीपुढं उभी राहायची, आजूबाजूला कुणी नाही हे बघायची आणि हळूच विचारायची, "काय हो, काढू का?" आणि उत्तर यायचं. थांब म्हणाला तर ती थांबायची, काढ म्हणाला तर काढायची. भट्टी पुन्हा पेटल्यापासून एक ट्रे करपला नव्हता. आता हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर शहजादनं तिला मिरजेच्या डॉक्टरकडं नेलं असतं आणि सासूनं दर्ग्यात.

सासूचं नाव खातूनबी. वय पंचाहत्तरच्या पुढं, पाठीत वाकलेली, पण जिभेला बाक नव्हता. दिवसभर ती बेकरीच्या दारात लोखंडी खुर्चीवर बसलेली असे. बाबालाल तिचा एकुलता एक. तो गेल्यापासून तिनं गोड तोंडात घातलेलं नव्हतं. बेकरीच्या दारात बसून नानकटाईला नाही म्हणणं हे काही सोपं काम नाही, पण म्हातारीनं ते नेटानं चालवलं होतं.

त्या वर्षी शबेबारात, गेलेल्यांसाठी दुवा मागायची रात्र, नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी येत होती. तिच्या आदल्या दिवसाला अरफा म्हणतात. वर्षभरात घरातलं जे माणूस गेलं असेल, त्याच्या नावानं त्या दिवशी हलवा करायचा, फातिहा देऊन दुवा मागायची आणि हलवा दारोदार वाटायचा. मग ते माणूस जुन्या गेलेल्यांमध्ये मिसळतं. तोवर ते ना इकडचं ना तिकडचं. हे कुठल्या किताबात लिहिलंय असं शहजादनं एकदा विचारलं होतं, तेव्हा खातूनबी म्हणाली होती, "माझ्या सासूनं सांगितलंय. तुझ्या किताबापरीस ती थोरली हुती."

रविवारी सकाळी खातूनबीनं विषय काढला. "बुधवारी अरफा हाय. रवा आणायला सांग शहजादला."

"यंदा नको अम्मा," सलिमा पीठ मळता मळता म्हणाली. "फुडल्या वर्साला करू."

"फुडल्या वर्साला? अगं, नवा मुर्दा एकदाच नवा असतोय."

"मी न्हाय करणार."

खातूनबीनं रस्त्याकडं तोंड फिरवलं. उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या. मग ती सलिमाकडं न बघताच बोलली. "माझा ल्योक उंबऱ्यावर हुभा हाय, सलिमा. आठ म्हयनं झालं. त्याचा बाप आत हाय, आजा आत हाय. ह्यो एकटाच भाईर. तू त्येला आत जाऊ देईना झालीस."

सलिमाचे हात पिठात थांबले. उत्तर तिच्या ओठावर होतं, की उंबऱ्यावर आहे म्हणून तर मला त्याचा आवाज येतो. आत गेला तर मी विचारू कुणाला? पण ती परत पीठ मळू लागली. एकाच माणसासाठी दोघी झुरत होत्या, आणि एकीला तो जायला हवा होता, दुसरीला राहायला. अशा भांडणात मध्ये पडणारा माणूस अजून जन्मला नाही. दोघींनी दोन दिवस एकमेकींशी बोलणं टाकलं.

मंगळवारी दुपारी निशा आली. निशा कांबळे, बुद्धविहाराच्या गल्लीतली. लहानपणी मोडक्या खारीसाठी बाबालालपुढं हात पसरणारी ही पोर आता नव्या इंग्लिश मीडियम शाळेत इतिहास शिकवत होती आणि तिला सगळे मॅडम म्हणायचे. त्या दिवशी मॅडमचा चेहरा उतरला होता.

"चाची, मला वाचवा," ती आत येत म्हणाली. "शाळेत उद्या हॅलोविन आहे."

"ते काय आणि?"

मग निशानं रडगाणं सांगितलं. पुण्यातल्या कुठल्या शाळेत झालं म्हणून इथल्या मोठ्या मॅडमना हौस आली. पोरांनी भुताचे मुखवटे घालायचे, तांबड्या भोपळ्याला डोळे कोरून आत दिवा लावायचा. पालक उठून आले. दिवाळीच्या तोंडावर शाळेत भुतं नाचवता काय, म्हणून टेबल आपटून गेले. आता निस्तरायचं काम निशावर आलं होतं. मुलांना या सणाचं मूळ सांगा, काहीतरी चांगलं करून दाखवा, म्हणजे पालक गप्प बसतील. निशा अशी की एखादं काम गळ्यात पडलं तर ती ते नीट केल्याशिवाय सोडायची नाही. तीन दिवस ती इंटरनेट कॅफेत बसून वही भरून आली होती.

"आणि मूळ काय निघालं?" सलिमानं विचारलं. तिला खरं तर ऐकायचं नव्हतं, पण दोन दिवसांत तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं.

"भुतंबितं नंतरची, चाची. फार जुनी गोष्ट आहे, दोन हजार वर्षांपूर्वीची. आयर्लंड, स्कॉटलंड त्या बाजूला केल्ट नावाचे लोक होते. शेतकरी, गुरं पाळणारे. ऑक्टोबर संपला की सुगी आटपायची, डोंगरावरची गुरं खाली यायची आणि थंडी सुरू व्हायची. त्या दिवसाला ते सॉविन म्हणायचे. घरोघरची चूल विझवायची आणि सगळ्यांनी मिळून पेटवलेल्या एका मोठ्या जाळातून विस्तव आणून परत पेटवायची, असंही सांगतात."

"चूल विझवायची?" सलिमानं भट्टीकडं बघितलं.

"हो. आणि मुखवटे कशाला, तर त्या रात्री मेलेली माणसं फिरतात, त्यांनी आपल्याला ओळखू नये म्हणून."

"हे काय खूळ!" सलिमा एकदम उसळली. "वळखलं तर काय बिघाडलं? आपलीच माणसं की ती!"

निशानं वहीतून मान वर केली. दारातल्या खुर्चीवर खातूनबीचीही मान थोडी वळली.

"आपली होती, त्यांच्यासाठी जेवण ठेवायचे बाहेर," निशा हलकेच म्हणाली. "पुढं ते लोक ख्रिश्चन झाले. जुनं सगळं सोडायचं ठरलं. पण खाण्याचं कुणाला सोडवलं नाही. आमच्या घरात तेच झालंय चाची, माझी आजी बौद्ध झाली, पण जुन्या सणांचं गोडधोड काय तिच्या हातातून गेलं नाही. तर तिकडं मग असं सुरू झालं, की घरोघरी छोट्या गोल वड्या भाजायच्या. पोरं दारोदार जाणार. घरातलं माणूस त्यांना वडी देणार आणि आपल्या गेलेल्या माणसाचं नाव सांगणार. पोरगं ती वडी खाणार आणि त्या माणसासाठी दुवा मागणार. एक वडी, एक दुवा. मला त्या वड्या करून पाहिजेत. मैदा, लोणी, साखर, जायफळ. वरती अशी फुली."

तिनं वहीतलं चित्र दाखवलं. सलिमानं वही लांब धरून बघितलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला हसू आलं. "अगं, ही नानकटाईच की! वर सुरीनं फुली मारतो ती न्हवं का ही? एवढ्यासाठी तीन दिस कॅफेत बसलीस? मला इचारायचं हुतंस."

निशाही हसली. मग पान उलटता उलटता ती सहज म्हणाली, "आणि एक गंमत. काही लोक असं मानायचे, की त्या वर्षात जी माणसं गेली, ती त्या दिवसापर्यंत इथंच रेंगाळतात. पलीकडं जायची वाट त्या एका दिवशीच उघडते."

सलिमाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. दारातून खातूनबीचा आवाज आला, "काय म्हणाली ती?"

"काय न्हाय अम्मा," सलिमा घाईनं म्हणाली.

"ऐकलंय मी," म्हातारी म्हणाली. "साता समुद्रापल्याडच्या लोकांनाबी ठावं हाय."

एवढं बोलून ती पुन्हा रस्त्याकडं बघू लागली. सलिमाला राग आला. सासूचा आला, निशाचा आला, त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या गुराख्यांचाही आला. सगळी दुनिया मिळून एका माणसाला दाराबाहेर काढायला निघाली होती. पण बाबालालच्या दारातून कुणी पोर रिकाम्या हातानं गेलेलं नव्हतं. ती म्हणाली, "उद्या सकाळी सामान घेऊन ये."

बुधवारी सकाळी निशा आली ती घरचं तूप घेऊन. आईनं कढवलेलं. सलिमानं ते परातीत पांढरं होईपर्यंत फेसलं, निशानं जायफळ किसलं, दोघींनी मिळून दोन ट्रे भरले आणि सुरीनं फुल्या मारल्या. मग सलिमाचा हात सवयीनं वहीकडं गेला.

"कुणाच्या नावानं?"

"माझंच टाका."

सलिमानं 'निशा' लिहिलं आणि चिठ्ठी दाबली. ट्रे आत गेले. निशा हात धुवायला मागं गेली तशी सलिमानं हळूच विचारलं, "काय हो, काढू का?" थोड्या वेळानं तिनं काढल्या. बदामी, वरून तडकलेल्या, बोट लावलं तर भुगा होईल अशा.

निशा डबा भरू लागली तेव्हा तिचा घोटाळा बाहेर आला. मुलांना दारोदार पाठवायला पालक तयार नव्हते. "एक दार तरी पाहिजे चाची. मी चौथीची पोरं इथंच घेऊन येते, चारला, शेवटच्या तासाला. तुम्ही दारात उभं राहून द्यायच्या, बस."

"देतो की. त्यात काय?" सलिमा म्हणाली. नाव सांगावं लागतं हे कालच ऐकलेलं त्या घडीला तिच्या डोक्यात नव्हतं. खातूनबीच्या होतं.

चारला कारखान्याचा भोंगा झाला आणि बेचाळीस पोरांची रांग बेकरीच्या दारापर्यंत आली. मुखवटे नव्हते. एकानं तेवढा पुठ्ठ्याचा वाघ बांधून आणला होता, तो निशानं काढायला लावून बगलेत मारला होता. शहजाद पहिली पाळी करून नुकताच आला होता, तो भिंतीला टेकून मजा बघत उभा राहिला. सलिमानं डबा उघडला, पहिली नानकटाई उचलली. पुढं शिवानी नावाची दोन वेण्यांची मुलगी होती. तिनं हात पुढं केला, पण नानकटाई घेतली नाही. तिला शिकवलं होतं तसं तिनं आधी विचारलं.

"कुणाच्या नावानं?"

सलिमाचा हात हवेतच राहिला. इतकी वर्षं या दारात हा प्रश्न बाबालाल विचारायचा, आता ती विचारायची; तिला स्वतःला तो कुणी विचारला नव्हता. तिला आता सगळं आठवलं. नाव घ्यायचं म्हणजे काय, आज वार कुठला, तिथी कुठली. तिनं निशाकडं बघितलं. निशाला अरफ्याचं काहीच माहीत नव्हतं, ती आपली मुलांना गप्प बसवत होती. मग तिनं खातूनबीकडं बघितलं. म्हातारीनं एक शब्द काढला असता तर काम झालं असतं. मुलगा तिचा, नाव तिनंच ठेवलेलं, तीन दिवस ती त्यासाठीच रुसून बसली होती. पण तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि खुर्चीचा हात दोन्ही मुठींनी धरून ठेवला होता. हे नाव सुनेच्या तोंडून यायचं होतं. ओरबाडून घ्यायचं नव्हतं. सलिमाला ते दिसलं आणि तिला सासूची इतकी दया आली, की स्वतःची यायची राहूनच गेली.

"मॅडम, ह्या बोलंनात," शिवानी म्हणाली.

"बाबालाल," सलिमा म्हणाली. मग तिनं पूर्ण नाव घेतलं. "बाबालाल हुसेन नदाफ."

शिवानीनं नानकटाई घेतली, डोळे मिटले आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "बाबालाल हुसेन नदाफ जिथं असतील तिथं सुखात असू देत." मग डोळे उघडून तिनं विचारलं, "बाबालालचाचा? खारीवाले?"

"व्हय."

"ते मला चुरा द्यायचे," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

पुढचा मुलगा आला. कुणाच्या नावानं? बाबालाल. त्याच्या मागचा. बाबालाल. कुणी हात जोडले, कुणी दुवेसाठी पसरले, एकानं बाबालालच्या ऐवजी बाबूलाल म्हटलं तर मागच्यानं त्याच्या डोक्यात टपली मारली. पहिल्या पाच-सहा पोरांना सलिमानं डब्यात बघतच नाव सांगितलं. दहाव्या-बाराव्याला ती रडत होती आणि देत होती. विसाव्यानंतर नुसती देत होती. शहजाद भिंतीचा टेका सोडून कधी सरळ उभा राहिला, आणि त्यानं खिशातला रुमाल काढून डोक्याला कधी बांधला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

रांग संपली. निशानं पोरं शाळेकडं वळवली आणि जाता जाता तिनं सलिमाचा खांदा नुसता दाबला. ह्या बाईला आपण कशात घातलं हे तिला आता उमगलं होतं. डब्यात शेवटच्या काही नानकटाया उरल्या होत्या.

"मला दे की एक," खातूनबी म्हणाली.

सलिमा खुर्चीपाशी गेली, खाली बसली. म्हातारीनं हात पुढं केला आणि तिनंही विचारलं, "कुणाच्या नावानं?"

"तुमच्या ल्योकाच्या," सलिमा म्हणाली. "जाऊ दे त्येला आत, अम्मा. लई दिस हुभा केला मी."

खातूनबीनं नानकटाई तोंडात घातली. दात नव्हते, ती तशीच विरघळू दिली. डोळ्यांतलं पाणी सुरकुत्यांतून हनुवटीपर्यंत आलं तरी पुसलं नाही. मग ती म्हणाली, "तूप चांगलं हाय. कुणाचं?"

"निशाच्या आईचं."

"मग उरलेल्यात हलवा कर. रवा हाय घरात. मी रविवारीच आणून ठिवलाय."

हलवा झाला. दिवस मावळायच्या आत शहजादनं फातिहा दिली, किताबाचं काही विचारलं नाही. वाटपाची पहिली वाटी कांबळ्यांच्या घरी गेली, दुसरी धोंडुबाईंकडं.

गुरुवारी सकाळी बनाबाई आपला ट्रे घेऊन आल्या. चिठ्ठी लागली, ट्रे आत गेला. सलिमा भट्टीच्या तोंडाशी उभी राहिली, आजूबाजूला कुणी नाही हे तिनं बघितलं आणि विचारलं, "काय हो, काढू का?"

लाकडं तडतडत होती. तिनं परत विचारलं नाही. वाट मात्र बघितली, जरा जास्तच बघितली. मग तिनं पदर खोचला आणि भट्टीच्या तोंडाशी स्वतःचा हात धरला. बनाबाईंचा ट्रे एका कडेनं करपला. त्यांनी बेकरी डोक्यावर घेतली, आणि सलिमानं तीही बोलणी खाली मान घालून ऐकली. धोंडुबाईंचा ट्रे त्यानंतर गेला. तो बरोबर निघाला.